सल्ला : चौगुनची घाई आणि दुखणारे गुडघे

पत्र :

सप्रेम नमस्कार. नाशिकला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी ४ वर्षांपासून कथकचा वर्ग घेते. ७ ते १३ वयाच्या २२ मुली आणि १ मुलगा आहे. आठवड्यातून दोन दिवस एकेक तास, सगळे एकत्र. पहिला अर्धा तास तत्कार, म्हणजे तालात पाय आपटण्याचं काम : ८ मिनिटं ठाय (मूळ लय), १० मिनिटं दुगुन (दुप्पट), १२ मिनिटं चौगुन (चौपट), मोबाइलवर लेहरा (ताल दाखवणारी धून) ८० च्या लयीला, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा. हॉलला व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. गेल्या दोन महिन्यांत अकरा-बारा वर्षांच्या दोघींचे गुडघे दुखायला लागलेत आणि नऊ वर्षांच्या एकीची टाच दुखते. तिघींच्या आया म्हणतात, वाढीचं दुखणं आहे, जाईल. एवढी मेहनत करूनही चौगुनमध्ये अर्धा वर्ग लयीबाहेर जातो. काही पालकांना एका वर्षात दोन परीक्षा द्यायच्यात. मुलींना रील्सवरची गाणी हवीत. आणि आठवीत गेलं की क्लासेसमुळे नाच सुटतो. मी शिस्त वाढवू की थोडं सैल सोडू?
– एक कथक शिक्षिका, नाशिक

उत्तर :

ताई, नमस्कार. शिस्तीचं नंतर बघू, आधी त्या तीन मुली. त्यांना या आठवड्यात पायकाम देऊ नका आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून घरोघरी जे सांगतात ते बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतं आणि सकाळी मूल पळत असतं. नाचताना वाढणारं आणि एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं वेगळं असतं. अकरा-बाराच्या वयात वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखत असेल, तिथे हाताला टेंगूळ लागत असेल, तर डॉक्टर त्याला बहुधा ऑसगुड-श्लॅटर म्हणतील. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून येऊन तिथे हाडाला चिकटतो. त्या वयात तिथलं हाड अजून पुरतं कडक झालेलं नसतं, आणि वारंवार ओढ बसली की ते सुजतं. नऊ वर्षांच्या मुलीची टाच दुखते त्याचंही कारण बरंचसं असंच असू शकतं. तिथे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला ओढत असतो. दोन्ही दुखणी बरी होतात, पण भार कमी करावा लागतो. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं.

काही खुणा दिसल्या तर आठवडाभरही थांबू नका : मूल लंगडतंय, रात्री दुखण्याने उठतंय, सांधा सुजलाय किंवा अडकतोय, ताप आहे, नडगीवर एका बोटाएवढ्या जागेत नेमकं दुखतंय. आणखी एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. मूल गुडघा दुखतो म्हणतं, पण गुडघा दाबला तर काहीच होत नाही आणि चाल बिघडलेली असते, तेव्हा खुब्याचा सांधा तपासून घ्यावा लागतो. मुलांमध्ये खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं.

या तिघींना घरी बसवू नका. त्या वर्गात येऊ देत, बसून हस्तक (हातांच्या हालचाली) करू देत, पढंत (बोल तोंडाने म्हणणं) करू देत, टाळी धरू देत. दुखापत झालेलं मूल दोन महिने घरी बसलं की बऱ्याचदा परत येतच नाही.

आता तुमच्या अर्ध्या तासाचा हिशेब मांडू. ८० च्या लयीत ठायला मिनिटाला ८० आघात होतात, दुगुनला १६०, चौगुनला ३२०. ८ मिनिटांचे ६४०, १० मिनिटांचे १६०० आणि १२ मिनिटांचे ३८४०. एकूण ६०८०. म्हणजे एका पायाचे तीन हजारांहून जास्त, आणि तेही टाइल्सवर. सात वर्षांच्या मुलीला आणि तेरा वर्षांच्या मुलीला सारखेच. तुम्ही वेळ मोजत होता म्हणून हे दिसलं नाही. अर्धा तास ऐकायला बेताचा वाटतो, पण लय वाढली की वेळ तेवढाच राहून भार चौपट होतो.

म्हणून यापुढे मिनिटांऐवजी आघात मोजा. लय ६० वर आणा. सात ते नऊच्या मुलांना ६ मिनिटं ठाय आणि ४ मिनिटं दुगुन, म्हणजे ३६० आणि ४८० मिळून ८४० आघात. चौगुन त्यांना पायाने द्यायचीच नाही, तोंडाने द्यायची. दहा ते तेराच्या मुलांना ५ मिनिटं ठाय, ५ मिनिटं दुगुन, २ मिनिटं चौगुन : ३००, ६०० आणि ४८० मिळून १३८०. हे सुरुवातीचे आकडे समजा. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला दुखत नसेल तर महिन्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा. दुखत असेल तर पुन्हा खाली या. ‘दुखतं का’ असं सगळ्यांसमोर विचारू नका, कुणी हात वर करत नाही. वर्गात येताना एकेकीला ‘मागच्या तासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पाय कुठे जाणवले?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

दर महिन्याच्या पहिल्या तासाला सगळ्यांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त वाढलेलं मूल झपाट्याने वाढतंय असं धरा आणि त्याचे आघात तेवढ्या काळापुरते निम्म्यावर आणा. मुलींमध्ये हे साधारण दहा ते तेरा या वयात येतं, मुलग्यांमध्ये वर्षा-दोन वर्षांनी उशिरा. याच काळात मूल एकाएकी अडखळायला लागतं, चक्कर (गिरकी) सुटते, आधी येणारा तोडा (बसवलेली छोटी रचना) बिघडतो. पाय लांब झालेले असतात आणि डोक्यातला अंदाज जुन्या मापाचा असतो. तेव्हा ‘लक्ष नाही तुझं’ असं ओरडणं अन्यायाचं होतं. मुलाला नीट समजावून सांगा की हे दोन-चार महिने असंच होणार आहे.

जमिनीचं काय करायचं ते अवघड नाही, पण सोसायटीशी बोलावं लागेल. टाइलखाली स्लॅब असतो आणि तो काहीही शोषून घेत नाही, आघात जसाच्या तसा पायात परत येतो. योगा मॅट हा त्यावरचा उपाय नव्हे. मऊ फोममध्ये पाऊल रुततं, घोटा डुलतो, आणि चक्कर घेताना टाच अडकली की पीळ गुडघ्यात जातो. १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूडचे ८ बाय ४ फुटांचे चार तक्ते घ्या. एक पूर्ण तक्ता तीस किलोच्या आसपास भरतो, म्हणून दुकानातच अर्धे कापून ४ बाय ४ चे आठ तुकडे करून घ्या, म्हणजे उचलता येतील. प्रत्येकाच्या खालच्या बाजूला १० ते १२ मिलिमीटर जाडीचे रबराचे किंवा दाट ईव्हीए फोमचे चौकोनी ठोकळे फूट-फूट अंतरावर चिकटवा. हे ठोकळे टाळले तर सगळा खर्च वाया जातो, कारण टाइलवर सपाट पडलेलं प्लाय टाइलइतकंच कडक राहतं आणि वर खडखडतं. तुकड्यांच्या सांध्यांवर रुंद चिकटपट्टी लावा, नाहीतर अंगठा अडकतो. तुकडे ठेवताना आडवे रचून ठेवा. भिंतीला तिरके टेकवले तर महिन्याभरात वाकतात आणि मग कोपरे उचलले जातात.

आठ तुकड्यांवर एका वेळी आठच मुलं मावतील, आणि ते तुमच्या पथ्यावरच पडेल. २३ मुलांचे तीन गट करा. एक गट फळीवर नाचेल, दुसरा समोर बसून टाळी-खाली (तालातल्या टाळीच्या आणि रिकाम्या सोडायच्या जागा) धरून पढंत करेल, तिसरा हस्तक आणि नजरेचं काम करेल. दर आठ-दहा मिनिटांनी अदलाबदल. भार आपोआप तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि ज्या गोष्टींना वेळ मिळत नाही म्हणून तुम्ही कष्टी होता, त्यांना मिळतो. शक्य असेल तर सात ते नऊ आणि दहा ते तेरा अशा दोन बॅचच करा. सगळे एकत्र असले की लहान मुलं मोठ्यांच्या लयीला धरून पळतात आणि मोठी कंटाळतात.

आता चौगुन. अर्धा वर्ग लयीबाहेर जातो असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या वेळी चौगुन चालू असताना कानांनी ऐकू नका, फक्त पाचवा आघात डोळ्यांनी बघा. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत् यात पाय असे पडतात : उजवा, डावा, उजवा, डावा, मग डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे ‘तत्’ आणि ‘आ’ हे दोन्ही लागोपाठ डाव्या पायाचे. पुढे आवर्तन (तालाचा एक फेरा) फिरताना शेवटचा ‘तत्’ आणि पहिला ‘ता’ दोन्ही उजव्याचे. ६० च्या चौगुनमध्ये एरवी एका पायाला दोन आघातांमध्ये अर्धा सेकंद मिळतो, या सांध्यावर, म्हणजे लागोपाठ एकच पाय येतो तिथे, मात्र पाव सेकंद. मूल काय करतं? ‘तत्’ला सगळा भार डाव्या पायावर टाकतं. मग तोच पाय पाव सेकंदात उचलता येत नाही, आणि ‘आ’ला उजवा पाय पडतो. तिथून सरळ उजवा-डावा, उजवा-डावा असं चालणं सुरू होतं. आवाज मोजून बरोबर येतो म्हणून दूरवरून कळत नाही. पुढे तिहाईत (तीनदा घेऊन समेवर संपणाऱ्या तुकड्यात) सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकीच्या पायावर येते, अंग भलतीकडे झुकलेलं असतं, मग घाईघाईने पाय बदलताना लय जाते. ठायमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे सावरायला पुरा सेकंद असतो.

त्यामुळे ‘अजून रियाज करा’ म्हणून हे सुटत नाही. चुकीचा पाय तेवढा पक्का होतो. सांधा वेगळा काढून बसवावा लागतो. ‘थेई तत् आ थेई’ एवढेच चार बोल घ्या : उजवा, डावा, डावा, उजवा. ‘तत्’ हलका, भार उजव्यावरच ठेवून; ‘आ’ भरीव. मग दुसरा सांधा : डावा, उजवा, उजवा, डावा. आठवडाभर फक्त हेच, ठायमध्ये, बोल म्हणत. मुलांना सांगताना ‘तत्ला डाव्या पायाने नुसतं दार वाजव, आत जाऊ नकोस’ असं म्हटलं की त्यांना भार कुठे ठेवायचा ते लगेच कळतं.

दुगुनवरून चौगुनकडे जाताना लयीचा आकडा तोच ठेवायची सवय बऱ्याच वर्गांत असते. ६० ची दुगुन मिनिटाला १२० आघातांची आणि ६० ची चौगुन २४० ची. मधली पायरीच नाही. चौगुन ४० वर सुरू करा, १६० आघात होतील. लागोपाठ तीन आवर्तनं पाचवा आघात न चुकता आली की ४४, मग ४८. एक आवर्तन चुकलं तरी आकडा वाढवायचा नाही. मुलांना हा खेळ आवडतो. आपला आकडा कुठवर आला ते मुलं वहीत लिहून ठेवतात, आणि ‘कंटाळा येतो’ ही तक्रार निम्म्याने कमी होते, कारण आपण पुढे सरकतोय हे त्यांना पहिल्यांदाच दिसतं.

पाय आपटण्याची पद्धतही तपासा. पाऊल जमिनीपासून चार बोटं उचललं तरी पुरतं, वीतभर नको. पूर्ण तळवा एकदम सपाट पडायला हवा. आधी टाच पडली तर ‘ठक्’ असा टोकदार आवाज येतो आणि धक्का नडगीतून वर जातो. तळवा नीट पडला तर आवाज रुंद येतो. गुडघे सरळ दिसावेत पण मागे ओढून कुलूप लावलेले नसावेत. बाजूने बघा : काही मुलींचे गुडघे मागच्या बाजूला कमानीसारखे जातात, त्यांना ‘उभी राहा ताठ’ म्हटलं की त्या आणखी मागे ढकलतात. त्यांना केसभर सैल ठेवायला शिकवा. कंबर आत वळवून नितंब मागे काढणं ही दुसरी नेहमीची चूक. ती पाठीच्या दुखण्याची सुरुवात असते. आणि श्वास. चौगुनमध्ये बहुतेक मुलं श्वास रोखतात. बोल तोंडाने म्हणायला लावले की रोखता येत नाही.

घुंगरांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण पालकांना घाई असते म्हणून लिहितो आहोत. पहिलं वर्ष बिनघुंगरांचं गेलं तर नुकसान काहीच नाही, उलट तुम्हाला पायाचा खरा आवाज ऐकू येतो. घुंगरू अस्पष्ट आघात झाकून टाकतात. नंतर एका पायाला २५ ने सुरुवात करा, दहा-अकराच्या पुढे ५०. शंभराचे पाय मोठेपणी. जाड सुती दोरीत प्रत्येक घुंगराला वेगळी गाठ हवी, म्हणजे एक तुटला तर माळ ओघळत नाही. बांधताना घोट्याच्या हाडावर दोरी येत असेल तर खाली सुती पट्टी गुंडाळा. ज्या मुलींचे पाय दुखतात त्यांना बरं झाल्यावरही महिनाभर घुंगरू देऊ नका.

परीक्षांच्या बाबतीत तुम्ही ठाम राहायला हवं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा घेतल्या तर प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या आहेत. एकेका पायरीला वर्ष धरलं तरी आठव्या वर्षी सुरुवात केलेलं मूल पंधराव्या वर्षी विशारदला पोचतं. यात घाई कशाची? दहावीच्या वाढीव गुणांसाठी पालक धडपडतात हे समजण्यासारखं आहे, त्यांना दोष देऊ नका. पण दर वर्षी एक या गतीने गेलं तरी दहावीपर्यंत बऱ्याच पायऱ्या होतात, हे कागदावर मांडून दाखवा. आणि एक गोष्ट आधीच लिहून द्या : परीक्षेला बसवायचं की नाही ते वर्गात ठरेल. अट सोपी ठेवा. तीनताल तोंडाने, हातावर टाळी-खाली धरून, ठाय-दुगुन-चौगुन न अडखळता म्हणता येणं, आणि त्या वर्षीचा प्रत्येक तोडा आधी म्हणून मग नाचता येणं. परीक्षक हेच विचारतात आणि मुलं इथेच अडतात. नुसतं पाठ केलेलं नाचणाऱ्या मुलीला ‘या तोड्याची तिहाई कितव्या मात्रेपासून उठते?’ असं विचारलं की ती तुमच्याकडे बघते.

पालकांना दर तीन महिन्यांनी एकदा वर्गात बोलवा, कार्यक्रमाला नव्हे, नेहमीच्या तासाला. त्यांना स्वतःला टाळी धरायला लावा आणि दुगुन म्हणायला सांगा. दहा मिनिटांत बहुतेकांच्या लक्षात येतं की मूल काय करतंय. त्यानंतर ‘नुसते पाय आपटत असतात’ हे वाक्य येत नाही.

रील्सवर बंदी घालू नका, चालणारही नाही. मुलींना दोन गोष्टी शिकवा. एक, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेले बरेच व्हिडिओ आरशासारखे उलटे असतात. त्यावरून शिकलेली मुलगी उजव्या टाचेवर उजवीकडे चक्कर घेते, आणि वर्गात डाव्या टाचेवर डावीकडे फिरायचं म्हटलं की कोलमडते. व्हिडिओत घड्याळ, भिंतीवरचं अक्षर किंवा साडीचा पदर बघून उलटा आहे का ते ओळखायला लावा. दोन, तीस सेकंदांच्या तुकड्यात सम कुठे आली ते शोधायला लावा. दोन महिन्यांत त्याच मुली सांगतात की अमक्या व्हिडिओत पाय लयीत नाहीत. चांगल्या-वाईटाची पारख त्यांना तुमच्याकडून मिळाली नाही तर दुसरीकडून मिळणार नाही.

वर्गातच चित्रीकरण करायचं असेल तर त्याचा दिवस ठरवा, पालकांची लेखी संमती घ्या, आणि कुठलंही चित्रीकरण समाजमाध्यमांवर टाकायचं की नाही ते पालकांवर सोडा. एरवी मोबाइल पिशवीत.

गाण्याचं म्हणाल तर मुलांना भावकाम हवंच असतं, त्यांची मागणी चुकीची नाही. चूक असते निवडीची. नऊ वर्षांच्या मुलीला विरहिणीची ठुमरी देऊन डोळे फिरवायला शिकवू नका. ती न कळलेल्या भावनेची नक्कल करते आणि पुढे ती सवय पुसणं फार जड जातं. तिला तिच्या अनुभवातलं द्या. पतंग उडवणं आणि कटणं, गोदावरीचं पाणी वाढलेलं बघणं, माखनचोरी, आजीच्या डब्यातला लाडू पळवणं. गतनिकास (चालीतून व्यक्ती किंवा प्रसंग दाखवणं) घेऊन आठ आवर्तनांत एक प्रसंग, स्वतः रचलेला. मराठी शाळेतल्या मुलांना पाठ्यपुस्तकातली कविता घ्या, शब्द आधीच पाठ असतात. प्रत्येक सत्राला असा एक तुकडा पक्का केला तर सोसायटीच्या गणेशोत्सवात दाखवायला तुमच्याकडे स्वतःचं काही असतं आणि ऐनवेळी चित्रपटगीत बसवावं लागत नाही.

चक्करीही लहान मुलांना फार देऊ नका. पाच पावलांची चक्कर नीट आल्याशिवाय एका पावलाची नको. नजर एका खुणेवर ठेवून मान शेवटी आणायची हे आधी जागेवर उभं राहून, खांदे हळूहळू वळवत शिकवा. लागोपाठ आठ-दहा झाल्या की मूल मळमळतं. तिथे थांबवा, दोन मिनिटं बसवा. मळमळ दाबून ठेवलेल्या मुलीला पुढे चक्करीची भीती बसते.

दुरुस्ती करताना हात लावायच्या आधी विचारा. ‘खांदा सरळ करते, चालेल?’ एवढं पुरतं, आणि नको म्हटलं तर कारण विचारायचं नाही. आपल्या अंगावर दाखवून किंवा आरशात बघायला लावून बहुतेक सगळं सांगता येतं. एकट्या मुलीचा किंवा मुलाचा जादा तास दार उघडं ठेवून, शक्यतो पालक हॉलमध्ये असताना. वजनावर, रंगावर, बांध्यावर वर्गात शब्द नको, कौतुकाचाही नको. आणि तुमच्या त्या एकुलत्या मुलाला दर वेळी कृष्ण करू नका. त्याला परण (पखवाजाच्या बोलांची जोमदार रचना) द्या, पढंतीचं नेतृत्व द्या, कपडे बदलायला वेगळी जागा द्या. मुलगे सोडून जातात त्यात चिडवण्याइतकाच वाटा या जागेच्या अडचणीचा असतो, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही.

आठवीत नाच सुटतो याला तुमची शिस्त फारशी कारणीभूत नाही. शाळेनंतर क्लास, क्लासनंतर नाच हे वेळापत्रक चौदाव्या वर्षी कुणालाही झेपत नाही. १९४७ मध्ये कथक गुरू रोहिणीताई भाटे यांनी पुण्यात नृत्यभारती ही संस्था सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात शाळा सांभाळून कथक शिकणाऱ्या मुलींच्या कितीतरी पिढ्या झाल्या. तेव्हा शाळा सुटल्यावर संध्याकाळ उरत होती, आज उरत नाही. म्हणून आठवी ते दहावीसाठी वेगळी सोय करा : आठवड्याला एकच तास, रविवारी सकाळी, निम्मी फी, परीक्षा नाही. फक्त तत्कार, एक जुना तोडा, थोडं भावकाम. दहावीच्या शेवटच्या तीन महिन्यांत सुट्टी, आणि निकालानंतर परत यायची तारीख आधीच ठरवून वहीत लिहिलेली. त्या मुली परत आल्या की पहिले तीन आठवडे आघात निम्मे ठेवा. शरीर विसरलेलं असतं पण उत्साह जुन्या लयीचा असतो, आणि दुखापती नेमक्या तेव्हा होतात. या मोठ्या मुलींना लहान बॅचमध्ये पाचवा आघात बघायच्या कामाला लावा. दुसऱ्याचा पाय बघताना त्यांचा स्वतःचा सुधारतो.

राहिला घरचा रियाज. फ्लॅटमध्ये खालचे लोक तक्रार करतात म्हणून मुली करत नाहीत, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी होतच असणार. घरी पाय आपटायला सांगूच नका. खुर्चीवर बसून मांडीवर हातांनी तत्कार : उजवा हात उजवा पाय, डावा हात डावा पाय, तोंडाने बोल. तोच सांधा, तेच दोन डावे. ६० वर सुरू करून दहा मिनिटं, रोज. वर्गात पायाने जे ४० वर अडखळतं ते हातांनी ६० वर जमलं की पायांना ८-१० दिवसांत वाट सापडते. डॉक्टरांकडे गेलेल्या तुमच्या त्या तीन मुलींनाही आजपासून हे करता येईल.